पिऱ्याचा माग

"धनगराला कुत्र्याचं काय शिकवायचं?" असं म्हणत जोतीराम तात्यांनी आपल्या सुनेचं कुत्रं साखरबाईच्या अंगणात उतरवलं आणि साखरबाई पदर तोंडाला लावून बघतच राहिली. जन्मात तिनं कुत्री काय कमी बघितली होती? मेंढरांच्या कडेकडेनं पळणारी, लांडग्याच्या नरड्याला जाणारी, उपाशीपोटी वाडा राखणारी. पण हे ध्यान निराळंच होतं. धड चांगल्या थोराड कुत्र्याचं आणि पाय कुणाचे तरी उसने आणल्यासारखे, वीतभर. कान इतके लांब की मान खाली घातली की मातीत लोळायचे. डोळ्यांखालची कातडी ओघळलेली, आतली लाली उघडी पडलेली. घरात आत्ताच कुणी गेलंय असं तोंड.

"ह्येला आजार हाय का काय?" तिनं विचारलं.

"आजार नाही मावशी, जातच तशी आहे," श्रेया म्हणाली.

श्रेया तात्यांची धाकटी सून, माहेर पुण्याचं. लग्नात दागिन्यांबरोबर कुत्रंही आणलं म्हणून सणसर गावभर तिची चर्चा झाली होती. आता सातवा महिना संपत आला होता आणि ती बाळंतपणाला माहेरी निघाली होती. सासू लीलाबाई त्या कुत्र्याला उंबऱ्याच्या आत घ्यायला तयार नव्हती. तेव्हा तात्यांना आपला सालगडी सिद्धू आठवला आणि सिद्धूपेक्षाही त्याची आई साखरबाई आठवली.

श्रेया अवघडल्या अंगानं बाजेवर टेकली आणि एकेक सांगू लागली. हे कुत्रं मूळचं फ्रान्समधलं. तिकडचे शिकारी पायी हिंडायचे. त्यांना गाठता येईल असं बुटकं, सावकाश चालणारं कुत्रं त्यांनी मुद्दाम पैदा केलं आणि सशाच्या मागावर घातलं. ह्याचं सगळं नाकात. कान मात्र जपायचे, आत वारा जात नाही. ओले झाले की लगेच पुसायचे, एकाआड एक दिवस कापसानं औषध लावायचं. गळ्याच्या घड्या कोरड्या ठेवायच्या. तोंड बघून दया येईल, तरी जास्तीची भाकरी घालायची नाही, कारण पाठ लांब आहे आणि वजन वाढलं की मणका जातो. उचलायचं झालं तर एक हात छातीखाली आणि एक हात ढुंगणाखाली, मधून लोंबू द्यायचं नाही.

"लेकराच्या वर हाय की," साखरबाई म्हणाली.

"आणि मोकळा सोडू नका मावशी. एकदा नाक जमिनीला लागलं की कान बंद. घसा फुटेस्तोवर हाका मारा, वळून बघणार नाही. ज्याचा वास धरला तो सापडेपर्यंत चालत राहतो आणि ओरडत राहतो. सापडला की गप्प बसतो."

त्याचं नाव पियेर होतं. साखरबाईनं ते जिभेवर दोनदा घोळवून बघितलं आणि सोडून दिलं. दिवे लागेपर्यंत त्याचा पिऱ्या झाला होता. तसा तो दोन्ही नावांना सारखाच ओ देत नव्हता.

सिद्धूचं घर तात्यांच्या उसाच्या शेवटाला, कालव्याच्या अंगाला होतं. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. आत सिद्धू, त्याची बायको अनिता आणि लग्नाला आलेली लेक छकुली. पडवीत साखरबाईची बाज आणि बाजेवर तिच्या नवऱ्याचं, मल्हारचं घोंगडं. चारी बाजूंनी ऊस. पुरुषभर उंचीचा, मध्ये कुठंही खिडकी नसलेला. उसात बिबट्या दिसल्यापासून दिवस मावळला की कुणी बांधावर पाऊल ठेवत नव्हतं. साखरबाई तेवढी हट्टानं पडवीत झोपायची. पिऱ्याला मात्र छकुलीनं आत घेतलं.

साखरबाईचा हट्ट समजायला मल्हारची गोष्ट माहीत पाहिजे. सगळं माळरान उसाखाली गेलं, चराई संपली, तेव्हा मल्हारनं मेंढरं विकली. शेवटची मेंढी टेम्पोत चढली त्या दिवसापासून तो घरात असून नसल्यासारखा झाला. हात मोकळे, डोळे कुठंतरी लांब. एका थंडीत सकाळी उठला, काठी घेतली, घोंगडं बाजेवर घडी करून ठेवलं आणि कालव्याच्या वाटेनं गेला. तो आजतागायत आला नव्हता. कालवा शोधला, विहिरी शोधल्या, जेजुरीपासून शिखर शिंगणापूरपर्यंत सिद्धू जत्रा धुंडाळत फिरला. माणूस काही सापडला नाही आणि मढंही सापडलं नाही.

"घोंगडं ठिवून गेल्याला धनगर परत येतो," साखरबाई म्हणायची. "जायचंच असतं तर खांद्यावर टाकून गेलं असतं त्ये."

त्याला बारा वर्षं झाली होती. घोंगडं तसं कुणी धूत नाही, पण साखरबाईनं ते कधी झटकलंसुद्धा नाही. त्याचा वास उडून जाईल म्हणून. रोज रात्री ती ते अंगाभोवती गुंडाळायची, नाकावर ओढायची आणि झोपायची. कपाळावर कुंकू रुपयाएवढं.

आणि नेमक्या त्या कुंकवावरच आता गदा आली होती. दिवाळी झाली आणि छकुलीला कळंबचं स्थळ आलं. पोरगी पसंत पडली, पण मुलाचा चुलता जाताजाता म्हणाला, "आजा हाय का गेला, तेवढं मिटवून घ्या. गेल्याला माणूस मोकळा झाल्याबिगर त्या घरात आमी अक्षता टाकत न्हाय." सिद्धूनं भटजीबुवांना विचारलं. बारा वर्षं झाली की शास्त्रानं माणूस गेला असं धरायचं, गवताचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि सुतक पाळायचं. येत्या अमावास्येचा दिवस धरला.

"जित्या मानसाला जाळतुस व्हय रं?" साखरबाईनं विचारलं.

"आये, जितं असतं तर आलं असतं."

"येतंय त्ये."

सिद्धूनं तिच्याकडं बघितलं आणि बैलासाठी आणलेलं उसाचं वाढं कापायला लागला. आईच्या डोक्यावर परिणाम झालाय हे त्याला कळत होतं, पण आईला तसं सांगणार कोण?

साखरबाई उगाच बोलली नव्हती. एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. पुतळ्याची भाषा घरात सुरू झाली त्याच्या दुसऱ्याच सकाळी घोंगड्याच्या काठाला कुसळं दिसली. ओली, ताजी, बांधावरच्या गवताची. आणि घोंगडं दवानं गार. पडवीत पत्र्याखाली दव कुठनं येणार? त्यानंतर अधूनमधून तसंच. कधी कुसळं, कधी उसाच्या पाचटाचा तुकडा. ती पहाटे उठून एकेक कुसळ वेचायची आणि अंगावर काटा यायचा तिच्या, पण भीतीचा नव्हे. तो येतो. झोपेत आपल्या अंगावरचं घोंगडं घेतो, खांद्यावर टाकून जुन्या वाटेनं हिंडतो आणि उजाडायच्या आत परत पांघरवून जातो. आपल्या जिवंतपणीच आपला पुतळा करणार आहेत हे कळलं असेल त्याला. मग तोंड कसं दाखवायचा?

पिऱ्या आला त्याच्या दुसऱ्या सकाळची गोष्ट. धुकं इतकं दाट होतं की अंगणातली चूलसुद्धा दिसत नव्हती. लांबच्या कारखान्याच्या मळीचा आंबूस वास सगळ्यात भरून राहिला होता. छकुलीनं दार उघडलं तसा पिऱ्या डुलत बाहेर आला आणि थेट साखरबाईच्या अंगावरच्या घोंगड्यात त्यानं नाक खुपसलं. फुसफुस करत, काठाकाठानं, सगळं घोंगडं हुंगून काढलं. मग नाक जमिनीला लावलं. दोन्ही कान तोंडाच्या बाजूनं पडदे सोडल्यासारखे मातीवर घासू लागले. तो अंगणातून बांधाकडं निघाला आणि बांधावर चढताच त्यानं मान वर करून आवाज काढला.

ते भुंकणं नव्हतं. पोटाच्या तळातून निघालेला, लांब, भरल्या गळ्याचा तो आवाज उसावर आदळला आणि चारी बाजूंनी परत आला. धुक्यात कळेना की कुत्रं इकडं आहे का तिकडं. झाडावरच्या साळुंक्या एकदम गप्प झाल्या. साखरबाईच्या हातातला तांब्या निसटला.

तिनं धावत जाऊन त्याच्या गळ्यातली दोरी धरली. तो ओढतच होता, बांधानं, पाण्याच्या चारीच्या कडेनं, थेट उसाच्या तोंडापर्यंत. तिथं सरीच्या अंधारात त्यानं मुंडी घातली तेव्हा तिला बिबट्या आठवला. तिनं त्याला कसाबसा मागं खेचला. वळताना पिऱ्यानं तिच्या पायाला नाक लावलं आणि तो गप्प झाला. दमला असेल, असं तिला वाटलं.

रोज सकाळी हेच होऊ लागलं. शेजारच्या वस्तीवरची दगडाबाई लगबगीनं आली. "सिद्धू, ह्ये कुत्रं रडतंय रं तुज्या दारात. चांगलं लक्षण न्हाय. मल्हारभावजींचा आत्मा घुटमळतोय, मुक्या जनावराला दिसतंय त्ये."

अनितानं उंबऱ्यावर हळद-कुंकू टाकलं. सिद्धूला तर आयतंच कारण मिळालं. "बगितलंस आये? कुत्र्यालाबी कळतंय."

साखरबाईनं छकुलीकडून पुण्याला फोन लावून घेतला.

"रडत नाहीये मावशी," फोनमधून श्रेया हसली. "माग लागलाय म्हणून सांगतोय तो. शिकाऱ्याला कळावं म्हणून त्यांचा आवाज तसा मोठा असतो. तुम्ही त्याला काय हुंगायला दिलं होतं?"

"घोंगडं."

"मग त्या घोंगड्याच्या माणसाचा माग असणार."

साखरबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "पोरी, जुनापाना वास आसतो का गं त्यो? वर्सावर्साचा?"

"छे! जमिनीवरचा वास फार टिकत नाही. आणि रोज लागतो म्हणताय ना? मग तो माणूस रोज तिथनं जात असणार."

साखरबाईनं फोन छकुलीच्या हातात दिला. मग घोंगड्याच्या काठाला तोंड लावून रडली. बारा वर्षांत पहिल्यांदा तिला सोबती भेटला होता. बुटका, लाळ गाळणारा, पण खोटं न बोलणारा. अमावास्येच्या आत माणूस शोधून उभा करायचा, एवढंच आता तिच्या डोक्यात राहिलं. तो समोर उभा राहिला की पुतळा कुणाचा जाळतील?

पण घाई नडली. दुसऱ्या दिवशी चारीला पाणी सुटलेलं असताना तिनं पिऱ्याला तसाच पुढं घातला. चारीत त्याचे पाय टेकेनात, कान पाण्यावर पसरले. पलीकडं ओढून काढेपर्यंत तो गाळानं माखला. पुसायचं भान तिला राहिलं नाही. दोन दिवसांनी पिऱ्या मुंडी तिरपी करून भिंतीला कान घासू लागला. कानाची पाळी उलटी करून बघितली तर आत लालभडक, काळपट घाण आणि आंबलेल्या ताकासारखा वास.

साखरबाईनं स्वतःच्या तोंडात मारून घेतली. लोकाचं लेकरू सांभाळायला घेतलं आणि आपल्या कामासाठी चिखलात घातलं. शेळगावहून जनावरांच्या डॉक्टरला बोलावून आणलं. पुढं रोज दुपारी उन्हाला बसून ती त्याचं डोकं मांडीवर घ्यायची, कोमट पाण्यानं कान पुसायची, औषधाचे थेंब सोडून मुळाशी बोटानं हलकं चोळायची. पिऱ्या डोळे मिटून कण्हायचा. त्याच्या कानाची कातडी मऊ होती, तान्ह्या कोकराच्या कानासारखी. बारा वर्षांत तिनं एवढ्या मायेनं कुणाच्या अंगाला हात लावला नव्हता.

"आत्याबाई, माणसाचं कधी एवढं केलं न्हाय कुणी," अनिता पुटपुटली.

"माणसं कुठं वास काढून देत्यात?" साखरबाई म्हणाली.

कान बरे होईपर्यंत अमावास्या तोंडावर आली. गवताच्या पेंढ्या अंगणात येऊन पडल्या. त्या संध्याकाळी सिद्धू जेवायला बसला आणि साखरबाई त्याच्यासमोर येऊन बसली.

"उद्या सकाळी माज्यासंगं चल. पिऱ्याचा माग जितं संपंल तितवर. तितं तुजा बा न्हाय घावला, तर कर तुज्या मनासारकं. मी तोंडातनं ब्र काढनार न्हाय."

सिद्धूनं घास खाली ठेवला. आईनं कधी काही मागितलं नव्हतं. "चल," तो म्हणाला. "पर शब्द दिलाय तू."

सकाळी उजाडलं होतं, पण दिसत काहीच नव्हतं. पांढरं धुकं दारापर्यंत येऊन थांबलेलं. सिद्धूनं कोयता घेतला. साखरबाईनं घोंगडं पिऱ्याच्या नाकाखाली धरलं. आज ते नेहमीपेक्षा ओलं होतं, काठाला गाळाचा डाग होता. तिनं तो सिद्धूला दाखवला. "बग."

पिऱ्या सुटला. नाक खाली, शेपटी वर, बुटके पाय भराभर. बांध झाला, चारी झाली. आज साखरबाईनं त्याला छातीखाली आणि ढुंगणाखाली हात घालून उचलून पलीकडं नेला. उसाच्या तोंडाशी तो थबकला, मग सरीत शिरला आणि त्यानं तो लांब आवाज काढला. बंद उसात तो आवाज कानाला नव्हे, छातीला लागला.

सरीत दोघंही वाकून चालत होती. उसाची पाती गालावर ओढत होती, दव मानेत गळत होतं. पुढं फक्त कुत्र्याचा श्वास आणि पाचटाची खसखस. मध्येच सिद्धू थांबला. एका पात्याच्या करवतीला काळ्या लोकरीचा पुंजका अडकला होता. त्यानं तो बोटांत धरून चुरला. घोंगड्याचीच लोकर, ओली, ताजी. ह्या सरीतून घोंगडं पांघरून कुणीतरी गेलं होतं, आणि फार वेळ झाला नव्हता.

इतका वेळ आईची समजूत काढायला आलेला तो बाप्या माणूस एकदम पोर झाला.

"आबा?" त्यानं हाक मारली.

उसातून ओ आली नाही.

"आबा, आमी हाय. मी सिद्धू."

एक पातं हललं आणि थांबलं. साखरबाई मात्र हसत होती. अंधारात तिचे दात दिसत होते. "चल, चल. पुढंच हाय."

ऊस संपला आणि ते एकदम कालव्याच्या काठावर बाहेर पडले. तिथं एक उतरण होती. मल्हार तिथंच मेंढरं पाजायचा. आता तिकडं कुणी येत नव्हतं. कालवा भरून, आवाज न करता चालला होता आणि पाण्यावर धुकं वाफेसारखं लोळत होतं. उतरणीवर गाळाचा मऊ पट्टा होता आणि त्या गाळात पावलं होती. अनवाणी माणसाची पावलं.

"बग!" साखरबाई ओरडली. "बग रं! म्हनत हुते का न्हाय? येतंय त्ये! हितं येतंय!" ती दोन्ही हातांनी स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडू लागली.

सिद्धू उकिडवा बसला. पावलं एकदाची नव्हती. वरच्या अंगाला सुकून तडकलेली होती, त्याच्या खाली जरा ओली, त्याच्याही खाली आणखी ओली. येणारा माणूस दरवेळी थोडा पुढं जात होता आणि मग वळून उसाकडं परत फिरत होता. अगदी शेवटची पावलं पाण्यात उतरली होती. उतरून परत आली होती. त्यांच्या टाचांत अजून पाणी साचलेलं होतं.

आणि पावलं लहान होती. मल्हारचा पाय सिद्धूला आठवत होता. रानोमाळ हिंडून फाकलेला, रुंद, दगडासारखा. हा पाय बापाचा नव्हता.

पिऱ्या ओरडत पाण्यापर्यंत गेला, पाण्याला नाक लावून शिंकला, मग परतणाऱ्या पावलांवरून वळला. नाक खाली घालून, एकेक पाऊल हुंगत, तो वर आला. उसाकडं न जाता तो आडवा फिरला आणि साखरबाईच्या समोर येऊन थांबला. तिची बोटं हुंगली, टाच हुंगली. मग तो बूड टेकून बसला, आपला एक कान तिच्या पायावर पसरला आणि गप्प झाला.

"उठ पिऱ्या," ती म्हणाली. "चल की. पुढं चल."

पिऱ्या हलला नाही. तिनं दोरी ओढली, त्याला गुडघ्यानं ढकललं. त्यानं ते दुखवटा धरलेलं तोंड वर केलं आणि तिच्याकडं बघत राहिला. त्याचं काम झालं होतं.

कालव्यावर आता कुठलाच आवाज नव्हता. साखरबाई एक पाऊल मागं सरकली, म्हणून तिच्या पायाचा नवा ठसा जुन्या ठशाशेजारी उमटला. तिच्या डाव्या पायाची करंगळी तरुणपणी एडक्यानं चिरडली होती, ती जमिनीला टेकत नसे. नव्या ठशाला चारच बोटं होती. शेजारच्याला चारच. त्याच्या खालच्याला, आणि पाण्यात उतरलेल्यालाही चारच.

तिनं ते सगळं एकदा बघितलं. पुन्हा बघितलं. घोंगड्याचा काठ नाकाशी नेला आणि आयुष्यात पहिल्यांदा, ज्याची आठवण काढायची तो बाजूला ठेवून, नुसता वास घेतला. चुलीच्या धुराचा, खोबरेल तेलाचा, म्हातारीच्या अंगाचा वास. बारा वर्षं ती जे पांघरून झोपली त्यात मल्हारचं काहीच उरलं नव्हतं. ती स्वतःलाच हुंगत आली होती.

सिद्धूनं कोयता टाकला आणि पाण्याजवळच्या पोराचं धरावं तसं तिचं मनगट गच्च धरलं.

"आये," तो म्हणाला.

"कोनच येत नव्हतं, सिद्धू," ती हळूच म्हणाली. "मीच जात हुते."

तिनं शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी, अमावास्येला, दुपारच्या उन्हात कालव्याच्या काठी गवताचा माणूस निजवला. भावकी जमली होती. भटजीबुवा म्हणाले, गेलेल्याच्या अंगावरचं काहीतरी त्याच्यावर घाला. सगळ्यांनी साखरबाईकडं बघितलं. तिनं खांद्यावरचं घोंगडं काढून पुतळ्यावर पसरलं आणि काठ नीट खोचले. दगडाबाई पुढं होऊन तिच्या कपाळाला हात लावणार होती, तेवढ्यात साखरबाईनं आपल्याच तळव्यानं कुंकू पुसून टाकलं. मग ती बाजूला जाऊन बाभळीखाली बसली. रात्री झोपेत पाय बाहेर पडू नयेत म्हणून दाराला बाहेरून कडी लावायला तिनं अनिताला आधीच सांगून ठेवलं होतं आणि बाज आत घेतली होती.

सिद्धूनं अग्नी दिला. गवत भडकन पेटलं, मग लोकर धरली. जळक्या लोकरीचा उग्र धूर जमिनीलगत पसरला.

छकुलीच्या हातात पिऱ्याची दोरी होती. धूर नाकाशी येताच तो ताठ झाला. घोंगड्याचा जळता वास त्याला मिळाला आणि तिच्या हातातून दोरी हिसडून तो चितेकडं धावला. विस्तवाच्या कडेनं नाक खाली घालून तो वेड्यासारखा फेऱ्या मारू लागला, आत शिरायला वाट शोधू लागला. मग मान वर करून त्यानं पोटातून तो आवाज काढला. पुन्हा काढला. थांबेचना. बायांनी डोळ्यांना पदर लावले.

"मुकं जनावर, पर मालकासाठी कसं रडतंय बगा," दगडाबाई म्हणाली. "बगितलंबी न्हाय त्येनं मल्हारभावजींना."

त्या विस्तवात तो कुणाला शोधत होता हे साखरबाईला एकटीला कळत होतं. ती बाभळीला धरून उठली. लोक वाट देत गेले. धूर डोळ्यांत जात असताना ती चितेच्या आणि त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली, खाली वाकली आणि आपला हात त्याच्या नाकासमोर धरला.

"हितं हाय रं," ती म्हणाली. "मी हितं हाय."

पिऱ्यानं तळहात हुंगला, मनगट हुंगलं, पाय हुंगले. आणि तो गप्प झाला.